सुमनताईंची टाच

इंजेक्शनच्या सुया उकळायला ठेवल्या की सुमनताई डावी चप्पल काढत आणि टाच ओल्या फरशीवर टेकवून उभ्या राहत. उज्जैनच्या दवाखान्यात मी नर्स म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी विचारलं, "ताई, काही लागलंय का?"

"लागलं असतं तर दिसलं असतं गं. यही तो रोना है."

टाचेला ना सूज, ना भेग. पण वॉर्डाच्या फेऱ्या झाल्या की आत निखारा ठेवल्यासारखी आग सुरू होई, तळव्याला मुंग्या येत. शेक, तेल, जाड तळाच्या चपला, सगळं करून झालं होतं. तरी एखाद्या बाळंतिणीने हाक मारली की लंगडत का होईना, आमच्याआधी त्याच पोचत. "दुखणं माझं आहे, तिला का थांबवू?" म्हणत.

छप्पन साली मध्यभारत राज्य मध्य प्रदेशात विलीन झालं आणि बदल्यांच्या याद्या निघाल्या. ताईंना दूरच्या तालुक्याला टाकलं होतं. तिथे सगळा दवाखाना एकटीने सांभाळायचा. त्यांनी अर्ज केला, इथेच औषधांच्या खिडकीवर बसून करायचं काम द्या. तपासणीला मीच त्यांना धरून नेलं. मोठ्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला.

"हड्डी तो बिल्कुल साफ है, सिस्टर. उज्जैन छोड़ना नहीं चाहतीं, यही बात है न?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. तीन वर्षं मी ती टाच पाहत होते. पण माझी नोकरी अजून कच्ची होती. मी मान खाली घातली.

निघायच्या आठवड्यात आमच्याकडे नव्याने आलेल्या एका तरुण डॉक्टरांनी ताईंच्या घोट्याच्या आतल्या बाजूला बोटाने टकटक केलं. ताई कळवळल्या, टाचेत वीज गेली म्हणाल्या.

"इथे नस दबलीय," डॉक्टर म्हणाले. "एक्स-रेत नस दिसत नाही."

ताईंचे डोळे भरून आले. "म्हणजे मी खोटं बोलत नव्हते ना?" एवढंच त्यांनी विचारलं.

नस मोकळी करणारं ऑपरेशन इथे कोणी करत नव्हतं. उभं राहणं कमी करा, एवढंच ते सांगू शकले. बदली थांबवावी अशी त्यांची चिठ्ठी भोपाळच्या कचेरीत पाठवली. उत्तर आलं नाही.

देवास गेटच्या बसस्थानकावर मी ताईंना बसमध्ये चढवलं. "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं," मी म्हटलं.

"रहने दे. तुलाही कुठेतरी टाकलं असतं," त्या म्हणाल्या आणि खिडकीशी सरकून बसल्या.

दोन वर्षांनी त्यांचं पत्र आलं. टाचेची आग थांबली होती. चुलीतला निखारा पायाखाली आला, तरी कळलं नाही, कातडी जळल्याचा वास आला तेव्हा समजलं. 'आता बरी आहे,' असं त्यांनी लिहिलं होतं.

ते पत्र मी त्या तरुण डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, "बरी नाही, नस मेलीय," म्हणाले आणि घडी घालून माझ्या हातात परत दिलं.