ताईचा पाच नंबर

माझ्या थोरल्या बहिणीच्या उजव्या पायाचं ऑपरेशन ठरलं आणि सहा आठवडे तिच्याकडे राहायला जायचं म्हणून मी बॅग भरली. अंगठ्याच्या मुळाशी हाड असं काही बाहेर आलं होतं, की अंगठा शेजारच्या बोटावर चढून बसला होता. डॉक्टरांनी हाड कापून सरळ केलं, आत दोन स्क्रू बसवले आणि बजावलं, की सहा आठवडे पंजा जमिनीला टेकवायचा नाही. बाथरूमपुरतं उठायचं, तेही जाड तळाचा खास बूट घालून, टाचेवर भार देऊन, काठी धरून. एरवी पाय दोन उशांवर, उंच.

पाय उंच करून पडलेली बाई घर चालवू शकत नाही असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं माझी ताई बघितलेली नाही. ताई बायकांना गाडी शिकवते. शिकणारीच्या शेजारच्या सीटवर बसते, तिच्या पायाशी जादा ब्रेक असतो, आणि गेली बावीस वर्षं त्या ब्रेकच्या जोरावर तिनं अर्ध्या शहराचा जीव वाचवला आहे असं ती स्वतःच सांगते. पलंगावर पडल्या पडल्याही तिला सगळं दिसायचं: गॅस मोठा आहे, नळ नीट बंद नाही, फडकं चुकीच्या खिळ्याला आहे.

भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, चपलांच्या दुकानात विक्रेते आहेत. चौतीस वर्षं एकच दुकान. त्यांची ख्याती अशी, की ते गिऱ्हाइकाच्या पायाला पट्टी लावत नाहीत. माणूस दारातून आत आला, की पायाकडे एकदा बघायचं, 'आठ नंबर, पंजा रुंद' म्हणायचं आणि शिडी चढायला लागायचं. लोक मुद्दाम चूक काढायला येतात आणि जोड घेऊन जातात. बाकीचे विक्रेते त्यांना पाठीमागे 'एक्सरे' म्हणतात. त्यांना ते ठाऊक आहे आणि आवडतंही.

आता अशा माणसाची बायको पायाचं ऑपरेशन होऊन दवाखान्यात पडलेली, आणि डॉक्टर सगळ्यांदेखत म्हणतात, "हे असं काही वेळा घराण्यातच असतं, पण बाईंचं निम्मं दुखणं तंग चपलांचं आहे. वर्षानुवर्षं लहान नंबर घातलाय." भाऊजींचा चेहरा खर्रकन उतरला. ते औषधं आणायला खाली गेले, आणि तेवढ्यात डॉक्टरांनी ताईचा चांगला पाय पट्टीवर ठेवून माप घेतलं नि कागदावर लिहून दिलं: सहा आठवड्यांनी रुंद जोड, नंबर सात. तंग घातलात तर हाड पुन्हा येईल, मग माझ्याकडे येऊ नका.

ताईनं कागदाची घडी केली आणि घरून आणलेल्या उशीच्या अभ्र्यात सारली. मी तीस वर्षं ग्रंथालयात काम केलंय, दडवलेला कागद मला वासानं कळतो. घरी आल्यावर मी तो काढला आणि तिच्यासमोर धरला. "पाच नंबर म्हणून मिरवतेस ना जन्मभर? इथे सात लिहिलंय."

"हळू बोल," ती म्हणाली. "ते ऐकतील."

मग तिनं सांगितलं ते असं. बावीस वर्षांची असताना ती त्या दुकानात सँडल घ्यायला गेली होती. भाऊजी तेव्हा गोदामात खोकी रचायचे. नजरेनं माप सांगतो अशी बढाई त्यांनी मारली होती, म्हणून मालकानं त्यांना त्या दिवशी पुढे आणून उभं केलं होतं. पहिल्या गिऱ्हाइकाला बरोबर नंबर दिलास तर पुढे राहा, नाही तर परत गोदामात. ते पहिलं गिऱ्हाईक म्हणजे ताई. भाऊजी घाम पुसत म्हणाले, पाच. ताईनं सँडल घातली. बोटं आत अशी कोंबली गेली, की डोळ्यांत पाणी आलं. पण तिनं वर बघितलं, तर समोर तो घामाघूम मुलगा आणि मागे हाताची घडी घालून मालक. ती म्हणाली, अगदी मापात आहे. मुलगा पुढे राहिला. चार महिन्यांनी तो तिच्या घरी मागणी घालायला आला, तेव्हाही हातात एक खोकं होतं. पाच नंबरचं.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काय? तेच घालत गेले. सुरुवातीला फार लागायचं. पुढे पुढे कमी झालं. चामडंही सुधारलं असेल."

मला असा राग आला, की काठी उचलून कुणाला तरी हाणावी. एका माणसाची नोकरी वाचवायला एक दिवस खोटं बोललीस, ठीक आहे. पण तीस वर्षं? ताईचं म्हणणं, सांगायची वेळ एकदा टळली की टळलीच. आणि त्या माणसाकडे अभिमान वाटावा अशी एकच गोष्ट आहे. ना पैसा, ना शिक्षण, ही एक नजर आहे. पहिलाच नंबर चुकला होता आणि तो बायकोचाच होता, हे त्यांना कसं सांगू? मी म्हटलं, नको सांगूस, मग पुन्हा पाच घाल आणि पुन्हा पाय कापून घे. यावर तिनं भिंतीकडे तोंड केलं. पण गाठ अशी बसली होती, की खरं बोललं तर नवरा मोडणार आणि खोटं बोललं तर पाय. दिवस मोजके होते.

इकडे भाऊजींनी सेवा आरंभली होती. मी आहे ना करायला, असं सांगूनही त्यांनी दुकानातून निम्म्या दिवसाची रजा घेतली. पण चौतीस वर्षांची सवय. ताईनं उशी मागितली, तर तीन उशा घेऊन आले. एक मऊ, एक कडक, एक मधली. प्रत्येक पायाखाली ठेवून दोन पावलं मागे सरायचे आणि मान तिरपी करून बघायचे. चहा तीन कपांत. "हा बघ, नाही तर तो देतो." ताई म्हणायची, पहिलाच द्या हो. गोळ्या खोक्यांत, खोक्यांवर चिठ्ठ्या, आणि खोकी कपाटावर एकावर एक अशी रचलेली, की तापाची गोळी हवी तर खुर्चीवर चढावं लागायचं. जखमेचं ड्रेसिंग बदलायला नर्स आली, की हे आधी खाली बसून पाय हातात घ्यायचे. नर्स म्हणाली, काका, जरा सरका, मला काम करू द्या. त्यावर त्यांचं उत्तर, "तुम्हाला साडेपाच. पण पट्टा बदला, घासतोय." नर्स पुढच्या वेळी नवीन चपला घालून आली.

ताईचाही पाय गप्प राहत नव्हता. भाऊजी ट्रे घेऊन दारातून भरकन वळले, की ती उशीवरच ब्रेक दाबायची आणि कळवळून ओरडायची. मग ट्रे हलायचा, चहा सांडायचा आणि ती आणखी जोरात ब्रेक मारायची. शेवटी मी फर्मान काढलं, की या खोलीत चालण्याचा वेग मी ठरवीन. भाऊजी दारात थांबायचे, मी हात हलवला की यायचे. असं दोन आठवडे चाललं. बघणाऱ्याला वाटलं असतं, घरात एखादं विमान उतरतंय.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली. भाऊजी दिवसभर पायाबद्दल बोलायचे, सूज, टाके, औषधं, पण चपलेचा विषय निघाला की उठून जायचे. मला वाटलं, डॉक्टरांचं बोलणं लागलंय, मानी माणूस आहे. ते एवढंच म्हणाले होते, की पहिला जोड मीच आणणार. ताईनं माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

मग मी डोकं चालवलं. पाचव्या आठवड्यात भाऊजींना म्हटलं, ताईचा आणाल तेव्हा मलाही एक जोड आणा, मऊ, रुंद, सात नंबर. तो ताईला द्यायचा आणि भाऊजींनी आणलेला पाच मी हरवून टाकायचा, असा माझा बेत. भाऊजींनी माझ्या पायांकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "मेहुणीबाई, तुम्हाला सहा लागतो." मी म्हटलं, वय झालं, पाय सुजतात. "सुजलेले नाहीत," ते म्हणाले. मी हट्टच धरला, तेव्हा ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि फक्त "बरं" म्हणाले. त्या नजरेला तीस वर्षं जवळचा पाय कसा दिसला नाही, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पण मी आपल्या हुशारीवर खूश होते.

सहा आठवडे झाले. डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, हाड जुळलंय, आता दोन्ही पायांवर चाला, पण नंबर सांभाळा. भाऊजी संध्याकाळी आले ते एकच खोकं घेऊन. "माझा सात?" मी विचारलं. ते म्हणाले, विसरलो. मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला.

ते ताईसमोर खाली बसले. खोक्यावर पाच. बुटाच्या आत चिकटवलेल्या कागदावर पाच. ताईनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि नव्यानं बरा झालेला पाय, काय होईल ते होवो, म्हणून आत घातला. मी डोळे मिटून घेतले. काहीच ऐकू आलं नाही. डोळे उघडले तर ताई तोंड उघडं टाकून पायाकडे बघत होती. तिनं बोटं हलवली. बुटाच्या आत बोटांना हलायला जागा होती.

मी पुढे झाले, बूट तिच्या पायातून काढला आणि आतला कागद नखानं ओढला. खाली चामड्यावर ठसा होता. सात.

भाऊजी जमिनीकडे बघत बसले. मग बोलले ते ताईशी. "त्या दिवशी मी पायाकडे बघितलंच नव्हतं. तुझ्याकडे बघत होतो. तोंडाला आला तो आकडा बोललो, आणि तू म्हणालीस मापात आहे. मला वाटलं, लागलं नशीब. लग्नानंतर आठ दिवसांत कळलं, की सात आहे. पण तोवर तू साऱ्या जगाला सांगत सुटली होतीस, की ह्यांनी नुसतं बघून माझा नंबर सांगितला."

"मग?"

"मग सहा आणायला लागलो. पाचाचा कागद लावून. सात आणला असता तर तुझ्या लक्षात आलं असतं."

म्हणजे चामडं सुधारलं नव्हतं. ताईचा असा भडका उडाला, की मी खिडकी लावून घेतली. तीस वर्षं माझा पाय दुखला, ती म्हणाली. प्रत्येक समारंभात टेबलाखाली चपला काढून बसले. रात्री पाय मिठाच्या पाण्यात घातले. आणि तुम्हाला माहीत होतं? भाऊजी म्हणाले, हो. तुला दुखतंय हेही दिसायचं. रोज दिसायचं. भ्यालो मी. तू हसशील म्हणून नाही, मला परत गोदामातला समजशील म्हणून.

ताई रडायला लागली, आणि मग तीही बोलली. आपल्यालाही पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि त्या मालकासमोर ते उभे होते तो चेहरा बघून आपण खोटं बोललो होतो, हे तिनं सांगून टाकलं. भाऊजी वर बघायला लागले. मी मधेच म्हटलं, दोघांनाही एकेक ठेवून द्यायला हवी. कुणी माझ्याकडे लक्ष दिलं नाही. खरं तर मलाही बोलायचा फार हक्क नव्हता. टेबलाखालच्या त्या चपला मीही बघितल्या होत्या आणि खोड आहे म्हणून सोडून दिल्या होत्या.

बऱ्याच वेळानं ताईनं नाक पुसलं आणि दुसराही पाय पुढे केला. "आता बघा," ती म्हणाली. "नीट बघा, आणि दिसेल ते सांगा."

भाऊजींनी तिचे दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवले आणि बघत राहिले. इतका वेळ त्यांना कुठल्याच पायाला लागत नाही. "खरं सांगू?" त्यांनी विचारलं.

"सांगा."

"डावा अर्ध्या नंबरानं मोठा आहे. साडेसात."

डॉक्टरांच्या पट्टीनं त्याच पायाला सात म्हटलं होतं, तो अर्धा नंबर पट्टीला दिसला नव्हता. आणि ते उठले, पायात चपला सरकवल्या आणि दुकान बंद व्हायच्या आत पोचायला म्हणून जवळजवळ पळत गेले. अर्ध्या तासानं परत आले ते तोच जोड साडेसातमध्ये घेऊन. आता या धंद्यात जोड फोडत नाहीत. एका पायाचा एक आणि दुसऱ्याचा दुसरा नंबर देणं म्हणजे दोन बूट कायमचे वाया घालवणं, आणि भाऊजींनी चौतीस वर्षांत कुणासाठी, अगदी मालकाच्या आईसाठीही, ते केलं नव्हतं. त्यांनी पहिल्या खोक्यातला उजवा घेतला, दुसऱ्यातला डावा घेतला, आणि कुठलाही कागद न चिकटवता ताईच्या पायांत घातले.

ताई काठी न घेता उभी राहिली. खिडकीपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली.

"कुठे लागतंय?" भाऊजींनी विचारलं.

"कुठेच नाही," ताई म्हणाली.