कानातला आवाज बंद पडला

ताईच्या डोळ्यांचं नेमकं काय होतंय ते कळेपर्यंत तिला बाजूचं काहीच दिसेनासं झालं होतं. समोरचं दिसायचं, तेही एखाद्या नळीतून बघावं तसं. हे वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. तेव्हा ती कशेळीच्या एका गोदामाच्या ऑफिसात होती. ईमेलमधून आलेले पत्ते कॉपी करायचे, लेबलच्या प्रोग्रॅममध्ये पेस्ट करायचे आणि छापायचे, एवढं तिचं काम. सासर सोडून नारपोलीला माहेरी परत आल्यावर तिने ती नोकरी स्वतःच्या हिमतीवर मिळवली होती. म्हणून डोळ्यांचं तिने ऑफिसात कुणालाच सांगितलं नाही.

मी घरूनच विंडोजचे छोटे-मोठे प्रोग्रॅम लिहून देते. ताईला पडद्यावरची अक्षरं सापडेनाशी झाली, तेव्हा पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आधी वापरून पाहिलं, पण त्या ऑफिसातल्या जुन्या प्रोग्रॅमपुढे ते गप्प बसायचं. कॉपी मात्र होत होतं. कॉपी केलेला मजकूर विंडोज क्लिपबोर्ड नावाच्या एका जागी ठेवतं. त्या जागेवर नजर ठेवणारा प्रोग्रॅम मी लिहिला. ताईने पत्ता कॉपी केला की तो तिच्या कानात बोलून दाखवायचा. तिच्या मोकळ्या केसांखाली इअरफोन दिसायचा नाही. कॉम्प्युटर तिला एकटीलाच दिलेला होता, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. सुरुवातीचे दिवस फार चांगले गेले. घरी आली की चहा पीत पीत ती मला दिवसभरातले विचित्र पत्ते ऐकवायची.

मग आवाज मध्येच बंद पडायला लागला. चूक दाखवणारी खिडकी नाही, काही नाही. प्रोग्रॅम चालू दिसायचा, पण बोलायचा नाही. घरी मी बोटं दुखेपर्यंत कॉपी करत बसायचे. भिंतीपलीकडे कापड विणणारे लूम धडधडत असायचे, म्हणून स्पीकरला कान लावून ऐकायचे. घरी तो एकदाही चुकला नाही. ऑफिसात मात्र दिवसाआड मुका व्हायचा. आणि त्या मुक्या वेळात ताई अंदाजाने पेस्ट करायची.

एकदा दवाखान्याची खोकी कापडाच्या दुकानात जाऊन पडली. सुपरवायझरने तिला सगळ्यांसमोर झापलं. त्या दिवशी ती जेवली नाही. आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "तिला सांग, घरी बस. आपल्याला खायला काय कमी हाय का?" ते मी ताईला सांगितलं नाही. पण ताईने ऐकलं असणार, कारण लूमच्या आवाजातही आमच्या घरात काही लपत नाही.

मी घाबरून एक उपाय केला आणि तो अंगाशी आला. कॉपी झाल्याचं कुणी कळवण्याची वाट न बघता माझा प्रोग्रॅम आता सारखा क्लिपबोर्ड उघडून बघू लागला. पण क्लिपबोर्ड एका वेळी एकच प्रोग्रॅम उघडू शकतो. माझा तिथे ठाण मांडून बसला की ताईचं कॉपीच व्हायचं नाही. आधी आवाज जात होता, आता कामच अडलं. ताईने फोन करून हळूच सांगितलं, "तू राहू दे आता. मी सोडते नोकरी." तिच्या आवाजात राग असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी आधीचाच प्रोग्रॅम परत टाकायला, डबा द्यायचं निमित्त करून तिच्या ऑफिसात गेले. जेवणाची सुट्टी होती. मी इअरफोन लावून तिच्या खुर्चीत बसले, ती शेजारी उभी राहिली. पत्ते बोलले जात होते. तेवढ्यात लेबलचा प्रोग्रॅम अडकला. ताई सवयीने म्हणाली, "तो असाच अडकतो. बंद करून परत चालू कर." मी तो जबरदस्तीने बंद केला, परत चालू केला, पत्ता कॉपी केला. कानात काहीच आलं नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी शिकले होते ती पद्धत जुनी होती. तिच्यात क्लिपबोर्ड बदलल्याची बातमी एक प्रोग्रॅम पुढच्याला देतो, तो त्याच्या पुढच्याला. माझ्या आधी लेबलचा प्रोग्रॅम होता. तो मध्येच जबरदस्तीने बंद केला की पुढे बातमी येणंच थांबायचं. माझ्या घरी तो प्रोग्रॅम नव्हताच, मग चूक दिसणार कशी?

तेवढ्यात सुपरवायझर आत आला. ही कोण, आमच्या मशीनवर काय करते, असं त्याने विचारलं. मी उठून काहीतरी खोटं जुळवत होते. ताईने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"साहेब, मला नीट दिसत नाही," ती म्हणाली. "ही माझी बहीण. हिच्या प्रोग्रॅमवर मी काम करते."

मालकांना विचारतो, तोवर कामावर येऊ नका, असं तो म्हणाला. आम्ही तेव्हाच रिक्षा केली. घरी पोचताच मी नवी पद्धत घातली, जिच्यात विंडोज प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतः कळवतं. काम थोड्या ओळींचं होतं. पण ते आता चालवायचं कुठे? ताई पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून होती. मी आवाज लावून दाखवला तर म्हणाली, "बंद कर ते."

कितीतरी दिवस ऑफिसातून फोन आला नाही. आला तेव्हा मालकाने आम्हाला बोलावून घेतलं, मी नवा प्रोग्रॅम टाकला आणि त्याने ताईला समोर बसवून तिच्याकडून पत्ते करून घेतले. सुपरवायझर मध्येच लेबलचा प्रोग्रॅम स्वतः बंद करून चालू करत होता. आवाज एकदाही थांबला नाही. ताईला ठेवून घेतलं, पण तिची लेबलं आता दुसरं कुणीतरी तपासून मगच लावतं. ते तिच्या मनाला लागतं.

आता तिला अजिबात दिसत नाही. रोजची भाकरी माझ्या त्या एका प्रोग्रॅमवर टांगलेली आहे. तिच्या कॉम्प्युटरवर विंडोजचं अपडेट येणार असं कळलं की, आता प्रोग्रॅम चालेल की नाही म्हणून सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नसतो. मी कामाला बसते आणि तिचा फोन येऊ नये, एवढंच मनात म्हणत राहते.