हार घातलेलं मशीन

"सावंत, अलार्म वाजलाच नाही. रक्ताच्या पिशव्या फेकून द्याव्या लागल्या," डॉक्टर म्हणाले. "सुलभाताईंना द्यायचा मेमो टाइप झालाय. तुम्ही फक्त रिपोर्ट द्या."

मुलुंडची ती छोटी ब्लड बँक. रक्ताच्या फ्रिजचं तापमान वाढलं की अलार्म वाजवणारं लिनक्स मशीन तिथे मीच बसवलं होतं. सुलभाताई तिथल्या टेक्निशियन. शुक्रवारी रिटायर होणार होत्या, आणि सोमवारी हे.

रविवारी वीज गेली आणि आली. मशीन सुरू झालं, पण फ्रिजचा फ्यूज उडाला होता. सुलभाताई सुट्टीवर होत्या.

"मशीन सुरू झालं की अलार्म लावावा लागतो, हे त्यांनी रविवारच्या स्टाफला सांगितलंच नाही," डॉक्टर म्हणाले.

"लावावा लागतो? तो आपोआप लागतो."

"नाही रे," दारात उभ्या सुलभाताई म्हणाल्या. "सात वर्षं दर शनिवारी पुसायला मशीन बंद करते, परत चालू करते आणि अलार्म मीच लावते. ही बघ तुझी चिठ्ठी."

मॉनिटरला चिकटवलेली, पिवळी पडलेली. अक्षर माझंच.

मी स्टार्टअप स्क्रिप्ट उघडली. मशीन सुरू होताना काय काय करायचं, त्या हुकमांची ही यादी. मला लिहायचं होतं: अलार्मचा प्रोग्राम चालू नसेल तर सुरू कर. त्यातला 'नसेल' म्हणजे स्क्रिप्टच्या भाषेत एक उद्गारचिन्ह. तेच मी टाकलं नव्हतं. म्हणजे चालू असेल तर सुरू कर, नसेल तर गप्प बस. नुकत्याच उठलेल्या मशीनवर काहीच चालू नसतं. सात वर्षं ते इमानेइतबारे गप्प बसत होतं.

मग मला सात वर्षांपूर्वीचा तो दसरा आठवला. नव्या मशीनला झेंडूचा हार, वर कुंकू, प्रत्येकाच्या हातात पेढा. मला एकदा रीस्टार्ट करून बघायचं होतं. सुलभाताईंनी माझा हात धरला.

"पूजा झालेलं मशीन आज बंद करतात का? काय यार सावंत!"

मलाही घरी जायची घाई होती. अलार्म हातानं सुरू केला, कमांड चिठ्ठीवर लिहून दिली आणि म्हणालो, "उद्या येऊन टेस्ट करतो. तोपर्यंत लागलं तर हे टाइप करा."

तो उद्या आलाच नाही. मला मनापासून लाज वाटली. कोणीतरी दिलेलं रक्त माझ्या आळसानं वाया गेलं होतं, आणि सात वर्षं माझी चूक झाकणाऱ्या बाईलाच मेमो मिळत होता.

"डॉक्टर, चूक माझी आहे. रिपोर्टमध्ये तसंच लिहितो. तो मेमो फाडा."

"पुढचं कॉन्ट्रॅक्ट जाईल तुमचं."

"जाऊ दे."

गेलंच. पण मेमो फाटला. मी उद्गारचिन्ह टाकलं आणि मशीन रीस्टार्ट केलं. सवयीनं सुलभाताईंचा हात कीबोर्डकडे गेला. त्याआधीच अलार्मचा टेस्टचा बीप वाजला.

"म्हणजे आता माझी गरज नाही," त्या हसून म्हणाल्या. डोळे मात्र भरले होते. माझेही.

शुक्रवारी निरोपाच्या वेळी त्यांनी ती चिठ्ठी माझ्या खिशात घातली. आता मीही रिटायर झालोय. बोरिवलीच्या घरी ती टेबलाच्या काचेखाली आहे, आणि दसऱ्याला त्यांची फार आठवण येते.

नव्या पोरांना मी एवढंच सांगतो: मशीन बंद करून परत सुरू करून बघितल्याशिवाय घरी जायचं नाही. हार घातलेला असला, तर आधी हार काढायचा.