मुक्तीवाले

शब्दकोश करणारे लोक एकेका शब्दापायी जन्म घालवतात. आमच्या केशोरीच्या मुक्तीवाल्यांनी मात्र एक सायकल आणि एक दिमडी यांच्या जोरावर दोन वर्षांत एका शब्दाचा अर्थच बदलून टाकला, आणि तोही स्वतःच्या मनाविरुद्ध.

येशू पापातून मुक्ती देतो असं सांगत गावोगाव फिरणारे ख्रिस्ती प्रचारक, ते मुक्तीवाले, हा त्या शब्दाचा सरळ अर्थ. हे गृहस्थ नगरकडचे, अंगाने काटकुळे, आवाजाने दणदणीत. स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली होती आणि मी केशोरीच्या शाळेत मास्तर होतो. पहिल्याच बाजाराच्या दिवशी त्यांनी दिमडी वाजवून माणसं जमवली आणि विचारलं, "कोणाला मुक्ती हवी आहे?"

एक म्हातारी पुढे झाली. "मले नाही पायजे जी. माह्या म्हशीले पायजे. कालपासून कोंडवाड्यात अडकून राहिली."

लोक खो-खो हसले. मुक्तीवाले हसले नाहीत. ते तडक कोंडवाड्यावर गेले आणि तिथल्या रखवालदाराला त्यांनी पापाविषयी इतका वेळ समजावलं, की त्याने कंटाळून म्हैस सोडून दिली. तेव्हापासून कुठे काही अडलं, की लोक त्यांच्या दाराशी. चिखलात रुतलेली बैलांची खाचर असो की सासरी अडवून ठेवलेली लेक, "मुक्तीवाल्याले बोलवा!" बांबू तोडला म्हणून जंगलनाक्यावर धरून ठेवलेल्या एका म्हाताऱ्या गोंडासाठी तर ते नाक्यासमोर बसून भजनं गायले. सुराची आणि त्यांची ओळख नव्हती. सातव्या भजनाला नाकेदार हात जोडून बाहेर आला. "ले जाओ भाई इसको, और आप भी जाओ!"

या सगळ्यात बाप्तिस्मा मात्र एकानेही घेतला नाही. मग एक दिवस नागपूरहून त्यांचे वरिष्ठ आले. त्यांनी गाव जमवून विचारलं, "यांच्यामुळे कोणाकोणाला मुक्ती मिळाली?" सगळ्या गावाने हात वर केले. साहेबांचे डोळे भरून आले. गप्प बसले असते, तर मुक्तीवाले जन्मभर केशोरीत राहिले असते.

"साहेब," ते म्हणाले, "हे लोक वेगळ्या मुक्तीबद्दल बोलताहेत." आणि त्यांनी म्हशीपासून सगळं सांगून टाकलं. महिन्याभरात बदलीचा हुकूम आला.

अर्जुनीच्या स्टेशनावर मी त्यांना पोचवायला गेलो.  ते एकदम म्हणाले, "गुरुजी, खरं बोललो. चुकलं का हो माझं?"

पोरांच्या चुका काढण्यात माझं आयुष्य गेलं. त्या वेळी मात्र मी वाकून त्यांच्या वळकटीची दोरी आवळत बसलो. गाडी आली, मी वळकटी आत ठेवली, आणि ते खिडकीतून माझ्याकडे पाहत, उत्तराची वाट बघत निघून गेले.