बोर्ड मारणारा स्वेटर

नऊ दिवसांत मावशीच्या हातून एकतीस बोर्ड मेले. एकोणीस वर्षांत मिळून इतके गेले नव्हते.

वॉशिंग मशीनच्या पोटात बसणारे सर्किट बोर्ड ती जोडायची. चिमट्याने चिप उचल, जागेवर टेकव, डाग दे, पुढे सरकव. मनगटाला पट्टा, पट्ट्याची वायर थेट जमिनीत. अख्खी लाइन तिला मावशी म्हणायची. सुपरवायझरसुद्धा, आणि तो तिच्याहून जेमतेम दोन वर्षांनी लहान.

"आणखी एक बोर्ड परत आला ना मावशी, तर तुम्हाला पॅकिंगला टाकावं लागेल. वरून विचारणा झालीये."

"बरं."

"बरं काय? भांडा तरी माझ्याशी!"

आई जाऊन तीन आठवडे झाले होते. तेव्हापासून मावशी सगळ्यालाच बरं म्हणत होती. भाऊ म्हणाला, आईची खोली रिकामी करतो, कपडे देऊन टाकतो. बरं. त्या गठ्ठ्यातला मरून स्वेटर मात्र तिने ओढून काढला आणि अंगात घातला. दुसऱ्या दिवशी त्यावरच पांढरा अ‍ॅप्रन चढवून ती कामाला आली. मग रोजच.

"पट्टा तुटला असेल गं तुझा," शेजारच्या टेबलावरची चष्मेवाली म्हणाली.

मावशीने तपासणीच्या डबीवर अंगठा ठेवला. हिरवा दिवा.

"मग नजर लागली तुझ्या चिमट्याला!"

मावशी हसली नाही. चष्मेवालीने आपलं हसू आवरून घेतलं.

दुपारी सुपरवायझर स्थिर वीज मोजायचा मीटर घेऊन आला. टेबलावर धरला, शून्य. चिमट्यावर, शून्य. मावशीच्या हाताजवळ नेला आणि आकडे भराभर चढले.

"हात वर करा बघू."

अ‍ॅप्रनच्या बाहीतून बोटभर मरून कड डोकावत होती.

"मावशी! नायलॉन?"

"पट्टा आहे की हातात."

"पट्टा तुमच्यासाठी आहे, स्वेटरसाठी नाही. दोन कापडं घासली की एकावरचे इलेक्ट्रॉन दुसऱ्यावर जातात. ज्याचे गेले ते धन, ज्याला मिळाले ते ऋण. तुमचं शरीर वाहक आहे, म्हणून तुमच्यावरचा प्रभार पट्ट्यातून जमिनीत उतरतो. नायलॉनमधून तो हलतच नाही. जिथे तयार झाला, तिथेच बसून राहतो. अशी बाही बोर्डाजवळ आली की बोर्डावरचे इलेक्ट्रॉनही सरकतात, आणि बोर्ड धातूला टेकला की ठिणगी. चिप खलास."

"मला कधी चटका बसला नाही."

"आपल्याला कळायला दोन-तीन हजार व्होल्ट लागतात. चिप शंभरात मरते."

मावशीने मान हलवली. एखाद्या परक्या घरातली गोष्ट ऐकावी तशी.

"सुटला ना प्रश्न?" चष्मेवाली म्हणाली. "काढ तो, ठेव लॉकरमध्ये."

"नको."

"अगं, आठ तासांचा प्रश्न आहे!"

"आईचा आहे."

तीन आठवड्यांत तिच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदाच आला. आवाजात काहीच नव्हतं. माप सांगावं तसं ती पुढे बोलली, "कोपरांपाशी फुगलाय बघ. ती आईची कोपरं. घडी घातली की दबून जातील."

चष्मेवालीने चष्मा काढून उगाच पुसला.

"पॅकिंगला स्वेटर चालतो?" मावशीने सुपरवायझरला विचारलं.

"चालतो. तिथे बोर्ड बंद पिशवीत असतात. पण मावशी, इथे तुमच्यासारखा हात नाहीये कुणाचा. नीट विचार करा, उद्या सांगा."

"आजच जाते."

तिने पट्टा सोडला, वायर गुंडाळली, चिमटा चष्मेवालीच्या टेबलावर ठेवला.

"टोकाला जरा वाकडा आहे. डावीकडून धर."

"डबा खायला तरी इकडे येशील ना?"

"बघते."

दोन टेबलांच्या मधल्या अरुंद वाटेने मावशी निघाली. दोन्ही हात तिने अंगाशी घट्ट धरले होते. कुणाच्या बोर्डाजवळून बाही जायला नको.