नथेतला मोती

तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात मी नवा मास्तर होतो. शाळा तपासायला साहेब येणार म्हटलं, की माझी छाती धडधडायची. आईनं ठरवलं, पोराला मोत्याची पूडच हवी. वडील गेल्यापासून डबीत ठेवलेली नथ पदरात बांधून तिनं मला मार्कंड्याच्या जत्रेत औषधं खलणाऱ्या एका म्हाताऱ्यापुढे नेऊन बसवलं.

त्याचं नाव मी विचारलं नाही. हात मात्र अजून दिसतो. मध्येच तो चिमूटभर पूड बोटांवर चोळी. बोटाच्या रेषांत ती शिरली नाही, तर पुन्हा खलायला लागे. गिऱ्हाईकं खोळंबली तरी त्याला घाई नव्हती.

"खरा मोती दाताले खसखसते, मास्तर," म्हणत त्यानं नथेतला मोती पुसून दातावर घासला आणि थांबला.

"काऊन जी? खोटा हाय का?" आईचा आवाज चिरकला.

"कोनं देल्ली नथ, बाई?"

"याच्या बापानं. लग्नात."

"मंग हा मोती मी नाई खलत. असे आता भेटत नाई. डबीतच ठेवा. मास्तराच्या धडधडीले शिंपल्याची पूड पुरते."

परतताना आई नथ माझ्या हाती देऊन वैनगंगेत पाय धुवायला उतरली, तेव्हा मी हळूच तो मोती दातावर घासला. काचेसारखा गुळगुळीत लागला.

"काय रे?" तिनं पाहिलंच.

"खसखसते ना, माय!"

छाती जराही धडधडली नाही. पुडीचा गुण म्हणावा, तर पुडी अजून सोडलीही नव्हती.