शिडीपाशी सोडलेलं जहाज

अमिरातीतल्या फुजैराच्या किनाऱ्यासमोर जहाजं नांगर टाकून उभी असतात. त्यांना भाजी, तांदूळ, पिण्याचं पाणी, साबण, दोरखंड पुरवणं हा माझा धंदा. कप्तान सहसा जो आधी शिडी चढून येतो त्यालाच ऑर्डर देतो. या धंद्यात मी एका माणसाला हाताला धरून वर आणलं. रत्नागिरीहून त्याला मी बोलावलं, व्हिसा मी काढला, भाव कुठे धरायचा आणि कुठे सोडायचा ते मी शिकवलं. शिकून झाल्यावर त्याने स्वतःची लाँच घेतली आणि माझ्याच गिऱ्हाइकांच्या शिड्या चढू लागला.

रोजची बाचाबाची नको म्हणून एका कॅफेटेरियात करक, म्हणजे दुधात उकळलेला कडक चहा पीत आम्ही समुद्र वाटून घेतला. धक्क्याच्या टोकावरचा दिवा आणि मागच्या डोंगरावरचा मनोरा पाण्यावरून बघताना एका ओळीत आले की ती आमची रेष. रेषेच्या उत्तरेची जहाजं माझी, दक्षिणेची त्याची. 'खलास' म्हणून हात मिळवले आणि उठलो.

माझी मुलगी तेव्हा बारावीत होती. शारजात, अल नहदाच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. मी मराठीत विचारावं आणि तिने इंग्रजी मिसळून उत्तर द्यावं, असं आमचं चालतं. युरोपचे दर्यावर्दी आणि अमेरिकेवरचे त्यांचे दावे या विषयावर तिला वर्गात बोलायचं होतं. "बाबा, मी कधी एक शिपसुद्धा जवळून पाहिली नाहीये," असं ती चक्क मराठीत म्हणाली, म्हणून रीतसर पास काढून एका शनिवारी तिला लाँचवर घेऊन गेलो. बायको अजून विचारते, पोरीला कशाला नेलंत? सकाळी समुद्र ताटासारखा सपाट होता. कुणीही नेलं असतं.

वाटेत तिने फोनवर जुना नकाशा काढला. त्यावर अटलांटिकच्या मधोमध एक उभी रेष होती.

"स्पेन आणि पोर्तुगालने वर्ल्ड वाटून घेतलं. वेस्ट स्पेनचं, ईस्ट पोर्तुगालचं. ब्राझीलचा हा भाग ईस्टला आला, सो दे गॉट इट."

"झकास सौदा," मी म्हणालो. "भांडण मिटलं."

"नो, बाबा. समुद्रात ती लाईन नक्की कुठून जाते, हे मोजताच येत नव्हतं त्यांना. आणि फ्रेंच, इंग्लिश, डच म्हणाले, आम्हाला कुठे विचारलंत?"

"आणि तिथे जे राहत होते ते?"

"त्यांना तर कोणीच नाही विचारलं."

सुकाणूवरचा आमचा तांडेल हसला. हर्णैचा माणूस, आयुष्य पाण्यावर गेलेला. "म्हंजे आपल्या शेटसारकंच. कप्तानाला इचारलंय कुनी, तू कुनाचा?"

"तू लाँच हाक," मी म्हणालो.

ज्या जहाजाकडे निघालो होतो ते मी पहाटेच दुर्बिणीतून पाहून ठेवलं होतं. ते रेषेच्या उत्तरेला होतं. आम्ही अर्ध्या वाटेवर असताना वारा फिरला. दक्षिणेची झुळूक पडली आणि वायव्येचा वारा सुटला. नांगरावरचं जहाज वाऱ्याकडे तोंड करतं, तसं ते एवढं मोठं धूड सावकाश गोल फिरलं. मी मागे वळून दिवा आणि मनोरा पाहिला. नांगराची साखळी रेषेच्या उत्तरेला पाण्यात उतरत होती. शिडी मात्र दक्षिणेला गेली होती.

तेवढ्यात दक्षिणेकडून त्याची लाँच येताना दिसली.

"यल्ला, दाब!" मी तांडेलला ओरडलो.

आम्ही आधी पोचलो. जवळून जहाज म्हणजे गंजलेल्या लोखंडाची भिंत, वर मान करून टोक दिसत नाही. लाटा आता त्या भिंतीवर आपटून परतत होत्या आणि आमची लाँच पाटावरच्या वाटीसारखी हलत होती. मी दोरीच्या शिडीला हात घातला, तोच त्याने आपली लाँच आमच्या बाहेरच्या अंगाला आणून भिडवली. एका बाजूला जहाज, दुसऱ्या बाजूला तो, मध्ये आम्ही.

"भाऊ, चुकलास! शिडी कुठे आहे बघ. दक्षिणेला!"

"नांगर बघ, नांगर! नांगर माझ्याकडे आहे!"

"मग नांगरावर चढ की!" त्याची माणसं हसली.

माझं टाळकं सटकलं. मी तोंड सोडलं, त्याच्या व्हिसापासून त्याच्या पहिल्या चपलेपर्यंत सगळं काढलं. मागून एक मोठी लाट आली. त्याची लाँच उचलली गेली आणि आमच्यावर दाबली गेली. आमच्या फळ्या करकरल्या. मुलगी जहाजाच्या बाजूला बसली होती. तोल सावरायला तिने लाँचची कड धरली होती. चार बोटं बाहेर होती आणि लोखंडाची भिंत त्यांच्याकडे येत होती.

"हात आत घे, पोरी!" तांडेल किंचाळला.

तिला मराठी समजतं. पण तिने हात काढला नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. भीतीने तिची बोटं आवळली गेली होती. मी शिडी सोडून तिच्यावर पडलो आणि मनगट धरून ओढलं. लोखंड कडेवर आदळलं, लाकडाचा तुकडा उडाला. पुढची लाट दिसत होती. मी त्याच्याकडे वळून ओरडलो.

"मागे घे! पोरगी आहे आत!"

"दिसतेय," तो म्हणाला. घाबरला तोही होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. तरी म्हणाला, "आधी बोल, जहाज कुणाचं?"

आयुष्यभर मी दुसऱ्याला शेवटच्या आकड्यापर्यंत ताणत आलो. त्या वेळी मला एकही शब्द ताणता आला नाही.

"तुझं! घे! तुझं!"

त्याची लाँच मागे सरली. लाट आमच्या खालून गेली आणि आम्ही जहाजाच्या कडेने घसरत मोकळे झालो. मुलगी धक्क्यापर्यंत माझा शर्ट धरून बसली होती.

गाडीत डोंगर ओलांडून येताना तिने विचारलं, "वॉज इट रिअली युअर्स, बाबा?"

"माझंच होतं."

"देन व्हाय..." इतकंच म्हणाली. वर्गात ती चांगलं बोलली म्हणे. मला ऐकवायला मात्र तयार झाली नाही.

आता तो धंद्यातल्या प्रत्येकाला सांगतो, भाऊने स्वतःच्या तोंडाने रेष सोडली, माझी माणसं साक्षीला आहेत. त्या एका शब्दावर त्याने रेष उत्तरेला सरकवली आणि माझी निम्मी जहाजं घेतली. दबावाखाली बोललेलं धरायचं नसतं, हे त्याला मीच शिकवलंय. मला त्याला चारचौघांत उभा करून हे विचारायचं आहे. दोनदा कॅफेटेरियाच्या दारापर्यंत गेलोही. पण विचारायचं म्हणजे सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार, आणि सांगता सांगता मी त्या चार बोटांपाशी येणार. मी दारातून परत येतो आणि रेषेच्या बऱ्याच उत्तरेला उभी असलेली, कुणालाही नको असलेली लहान जहाजं तेवढी बघतो.